प्राचीचा हात

८ जानेवारी २००३, बुधवार. शहापूर

दिवाळीपासून इथे एक ओळ नाही. दवाखान्याचं निमित्त सांगत राहिले, खरं कारण आळस. स्वतःचीच माफी मागून लिहायला बसते.

आसनगावच्या ताईची प्राची आजपासून माझ्याकडे. दंतवैद्यकाचं शेवटचं वर्ष. लेखीत वर्गात पहिली, दात काढायच्या प्रॅक्टिकलला नापास. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा. “मावशी, या वेळीही नापास झाले तर सोडणार हे सगळं.” तोवर माझ्या हाताखाली सराव.

१२ जाने., रवि. मुरबाड

रविवारचा इथला दवाखाना. प्राचीला विचारलं, या दाढेला मुळं किती, नस कुठून जाते. घडाघडा! मला कॉलेजात इतकं येत नव्हतं, आताही... जाऊ दे. मग चिमटा हातात दिला. दातावर बसेचना. पुन्हा पुन्हा घसरला तेव्हा पेशंटच म्हणाला, “म्याडम, तुमीच या.”

परतताना एसटीत ती पुन्हा पुस्तक उघडून बसली. मी मनात निकाल देऊन टाकला: हात नाही हिला. इतक्या लवकर द्यावा का?

१४ जाने. संक्रांत

मी पाक बघत होते, प्रा. तिळाच्या वड्या कापत होती. एक रेघ वाकडी नाही. पाहते तर सुरी डाव्या हातात!

“तू डावखुरी?”

पटकन सुरी उजवीकडे. “आई ओरडते. डाव्या हाताने तिळगूळ देतात का, म्हणते.”

“आणि कॉलेजात?”

“तिथे सगळे खुर्चीच्या उजवीकडेच उभे राहतात. पुस्तकातही तसंच आहे, मावशी.”

पुस्तकातही! मी हसत सुटले, मग तीही. वड्या ताटाला चिकटल्या त्या चिकटल्याच.

रविवारी मीही तिच्या उजव्या हातातच चिमटा कोंबला होता ना.

१६ जाने., गुरु.

मेणाची दाढ कोरायला दिली, डाव्या हाताने. काय उतरली! खिडकीत ठेवलीय, येता-जाता बघते.

ताईचा फोन. “डावा वापरू देऊ नकोस हं तिला.” मी “हं” म्हटलं. हे खोटं बोलणं झालं की नुसता हुंकार?

१९ जाने., रवि. मुरबाड

ठकूबाई आल्या, वाडीवरच्या आजी. दाढ हलतेय. आधी खरं ते सांगितलं: मुलगी अजून शिकतेय, डाव्या हाताने काढेल, मी शेजारी आहे. नको असेल तर मी काढते.

“दाढंला काय ठावं हात कंचा? काढ गो पोरी.”

प्रा. डावीकडे गेली. तिथे खुर्चीला जोडलेलं थुंकायचं भांडं. गुडघा आपटला, पाणी सांडलं, तशीच अर्धवट वाकून उभी राहिली. भूल दिली. थांबली. चिमटा पहिल्या झटक्यात बसला. हळूहळू डोलवत...

“काढ ना गो, किती वखत?”

“काढली, आजी.”

“नाय! दाव.”

दाखवली. आजी कापसाचा बोळा दाताखाली धरून हसतायत, प्रा. रडतेय आणि हसतेय. मी काहीच केलं नाही. हे लिहिताना फार बरं वाटतंय.

दाढ हलती होती, हेही लिहायला हवं. घट्ट दाढेचं काय? परीक्षक डावीकडे उभं राहू देतील? ताईला कसं सांगू?

उद्या: वेल्डरला बोलावून शहापूरच्या खुर्चीचं भांडं उजवीकडे घेणे.