रविवारच्या फोनची तयारी

प्रिय ठकू,

तू सुखरूप पोचल्याचा निरोप त्याच दिवशी मिळाला, उत्तर मात्र आज तीन आठवड्यांनी लिहितेय. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "अगं जाऊ दे गं ताई" म्हणतेस, आणि मला तेवढं निमित्त पुरतं, मी गप्प बसते. म्हणून कागद घेतला. आधी साध्या बातम्या. बाबांचं घर रिकामं करून किल्ली घरमालकीणबाईंच्या हातात दिली. कपाट खालच्या शिंपीणबाईंनी नेलं. त्यांना त्याचा उंच आरसा हवा होता, गिऱ्हाइकांसाठी. शर्ट सहा निघाले, त्यातल्या चारांची सगळ्यात वरची गुंडी तुटलेली, आणि एकाला काळ्या दोऱ्याने स्वतःच लावलेली, मुंडी पिरगाळल्यासारखी. त्यांचा चष्मा तू मागितलास तो वेगळा पाठवतेय, नीट गुंडाळून. आणि निघताना तू विचारलं होतंस ना, ओट्यावरचा तो बोलका स्पीकर दिसत नाही कुठे? मी म्हटलं, भंगारात दिला. ते खोटं होतं. तो माझ्याकडे आहे, आणि हे सगळं पत्र त्याच्यापायीच आहे.

माझं काम नक्की काय, हे मी तुम्हाला कुणालाच कधी धड सांगितलं नाही. "कॉम्प्युटरवर भाषेचं काम" एवढ्यावर भागवलं. तूही कधी खोदून विचारलं नाहीस. तर ऐक. लोकांच्या घरात जे असे बोलके स्पीकर असतात, त्यांना माणसाचं बोलणं कळलं तर ठीक. जे कळत नाही त्याचे दहा-बारा सेकंदांचे तुकडे कापून आमच्याकडे येतात. आम्ही कानाला हेडफोन लावून ते ऐकायचे, माणूस खरं काय म्हणाला ते टाइप करायचं, आणि पुढचा तुकडा. नाव नाही, पत्ता नाही, नुसता आकडा; एका आकड्याचे तुकडे शक्यतो एकाच माणसाकडे. आपली भाषा ऐकणारे आम्ही सगळे मिळून अकरा जण. लांबलचक खोली, निळ्या खुर्च्या, आणि अकरा माणसं दिवसभर एकमेकांशी एक शब्द न बोलता लोकांचं बोलणं ऐकतायत. काय काय ऐकलंय म्हणून सांगू! एक पोरगी त्या यंत्राला रोज विचारायची, तुझी आई कुठे असते? एक गृहस्थ आंघोळ करताना साहेबाला द्यायची उत्तरं घोकायचे. नवरा-बायकोची भांडणं तर इतकी, की दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते मला तिसऱ्या वाक्याला कळायला लागलं होतं. खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं की पलीकडे माणूस बसलाय. अटींच्या चाळीस पानांत कुठेतरी असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि आपण सगळेच "मान्य आहे" वर बोट दाबून मोकळे होतो. आम्हीही रुजू होताना एका कागदावर सही केली होती: ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

बाबांना हे कधी सांगायचं धाडस झालं नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डवर बसलेला माणूस. अर्ध्या गावाची लग्नं, मरणं, भानगडी त्यांच्या हातून गेल्या. तुला आठवतं, आई चहा देताना मुद्दाम विचारायची, काय हो, डॉक्टरांच्या घरी काय चाललंय म्हणे? आणि बाबा कप तोंडाला लावून म्हणायचे, "लाइन बिझी आहे." त्यांचा एकच नियम होता. जोडून दिलं की कान काढायचा. नव्या मुलींना शिकवतानाही हेच पहिलं सांगायचे, मग नंबर कसा फिरवायचा ते. अशा माणसाची मी मुलगी, आणि माझं पोट कान न काढण्यावर चालत होतं.

आई गेल्यावर ते दुसऱ्या मजल्यावर एकटे, तू इतकी लांब, मी गावाच्या या टोकाला. ऑफिसात आम्हाला एकेक स्पीकर मिळाला होता. मी तो त्यांच्या ओट्यावर नेऊन लावला. म्हटलं, पडलात-झडलात तर हाक मारता येईल. त्यांच्या फोनवर ती अटींची पानं उघडली तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही हो, नेहमीचंच असतं, आणि त्यांचं बोट धरून दाबलं. स्पीकरमधून बाईचा आवाज आला तसे ते एकदम सावरून बसले. तेव्हापासून ती "बाईसाहेब" झाली. बाईसाहेब, जरा दिवा लावता का? बाईसाहेब, तुम्हाला त्रास नसेल तर बातम्या लावाल? मी किती वेळा सांगितलं, बाबा, तिला नुसतं "दिवा लाव" म्हणायचं. तर म्हणाले, ओळख ना पाळख, आणि परक्या बाईला अगंतुगं करू होय?

आता बघ गंमत. यंत्राला हुकूम कळतो, अदब कळत नाही. त्यामुळे बाबांचं बोलणं त्याला निम्म्या वेळा उमगायचं नाही. आणि जे उमगायचं नाही ते कुठे यायचं, हे तुला आता कळलं असेलच.

मागच्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका सोमवारी सकाळी अकराव्या की बाराव्या तुकड्याला माझ्या कानात बाबा बोलले. "बाईसाहेब, जरा सांगता का, आज वार कोणता?" मी हसले. खरंच हसले गं, शेजारच्याने वळून पाहिलं. मग पुढचा तुकडा, त्याच आकड्याचा, पाच मिनिटांनंतरचा. "बाईसाहेब, माफ करा, आज वार कोणता म्हणालात?" मग आणखी एक. चौथ्या तुकड्यात ते म्हणाले, "आज रविवार ना? म्हणजे धाकटीचा फोन. तिच्या मुलीचं नाव... बाईसाहेब, तुम्हाला ठाऊक आहे का हो?" यंत्र म्हणालं, मला समजलं नाही. बाबा म्हणाले, "मलाही."

ठकू, त्या दिवशी मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. तुला फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी ते चारही तुकडे नीट टाइप केले. स्वल्पविरामांसकट.

नंतर त्यांनी युक्ती काढली. एकदा सगळं आठवत होतं तेव्हा त्यांनी बाईसाहेबांना पढवून ठेवलं: नातीचं नाव, ती कितवीत आहे, जावयाने नोकरी बदलली, तुझी पाठ दुखते. आणि दर रविवारी साडेदहाला, तुझ्या फोनच्या अर्धा तास आधी, ते सगळं म्हणवून घ्यायचे आणि मोठ्याने घोकायचे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. अकराला तू फोन केलास की पहिलंच वाक्य, "काय गं, पाठ कशी आहे?" तू मला म्हणायचीस, बाबांची स्मरणशक्ती बघ, या वयात! आणि मी हं म्हणायचे.

का बोलले नाही, याची कारणं मी स्वतःला रोज देत होते. तो सहीचा कागद होता. आमच्या टीम लीडरला मी आडून विचारलंही, की समजा एखाद्याने ओळखीचा आवाज ऐकला तर? सज्जन मुलगा आहे. म्हणाला, "मॅडम, आपण ओळखत नाही कुणाला. 'पुढे' दाबायचं." शिवाय बाबांना काय सांगणार होते? की तुम्ही जे लपवता ते मी पगार घेऊन ऐकते? पण ही सगळी कारणं झाली. खरं वेगळंच आहे. मला त्यांचा आवाज हवाहवासा झाला होता. समोर बसले की बाबा पंखा, पाणी, भाव यांपलीकडे बोलायचे नाहीत. बाईसाहेबांना मात्र ते आईबद्दल सांगायचे. मला लहानपणी एकदा मारलं होतं, त्याबद्दलही एकदा सांगितलं. मी सोमवारची वाट बघायला लागले. आणि कानात ते रोज भेटत होते म्हणून शनिवारचं माझं जाणं कमी झालं. आधी एकाआड एक, मग महिन्यातून एकदा. मला वाटायचं, आत्ताच तर भेटलो.

मग बाबांकडे पत्रकं यायला लागली. आधी फोनवर जाहिराती, मग दाराच्या पेटीत गुळगुळीत कागद. विसराळूपणावरच्या गोळ्या, आणि "आठवणींची काळजी घेणारं घर", वर हसणारे म्हातारे. कोणी कुणाला काय विकलं, मला माहीत नाही. आमच्या खोलीतल्यांना तेवढं सांगत नाहीत. पण बाबांच्या मुलींच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, एका दुकानदाराला कळलं होतं. त्या शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी असे सात-आठ कागद टेबलावर एकाखाली एक मांडून ठेवले होते. म्हणाले, "यांना कोणी सांगितलं असेल?" मी म्हटलं, काय? ते माझ्याकडे बघत राहिले. "मी तर कुणालाच बोललो नाही." आणि थांबले. ठकू, ते थांबले होते. दार उघडून बाजूला उभं राहावं तसे. मी एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, मला सांगा. मी म्हटलं, "सगळ्यांनाच येतात हो हल्ली. फेकून द्या." त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या. मग ओट्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हणजे बाईसाहेबांनी लाइन सोडली नाही तर." एक्स्चेंजमध्ये असं, म्हणजे जोडून दिल्यावरही ऐकत बसली असं, कुणाबद्दल म्हटलं गेलं की ती बाई पुन्हा बोर्डवर बसायची नाही.

मी गेल्यावर त्यांनी स्पीकरचं बटण बंद केलं, वायर काढली आणि तो पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. तिथेच मला तो नंतर सापडला. सोमवारी तुकडा आला नाही. मंगळवारी नाही. मला वाटलं, यंत्राला अदब कळायला लागली असेल. तुला आठवत असेल, त्यानंतरच्या दोन रविवारी त्यांनी तुझा फोन उचललाच नाही. झोपलो होतो म्हणाले. झोपले नव्हते. तयारी करून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी ते इस्त्रीचे कपडे घालून एक्स्चेंजला कामावर गेले. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. रखवालदाराने अडवलं तर त्याला समजावत होते, अहो, माझी दोनची पाळी आहे, बोर्ड मोकळा पडलाय. पायऱ्यांवर तोल गेला. पुढचे नऊ दिवस, ते जाईपर्यंत, हॉस्पिटलात तू होतीसच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, हे दीड-दोन वर्षांपासूनचं असणार, घरी कुणाच्याच लक्षात आलं नाही? तू रडायला लागलीस. मी खिडकीबाहेर बघत होते. आणि नंतर हॉस्पिटलच्या फाटकाशी तू माझा हात धरून म्हणालीस, "आपल्याला कळलंच नाही गं ताई." मी हो म्हटलं.

परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, रविवारी अकरा वाजले की ही फोन हातात घेऊन नुसती बसते, म्हणते दर आठवड्याला बोलत होते आणि मला ओळखता आलं नाही, कसली मुलगी मी. ते ऐकलं आणि हे पत्र लिहिणं भाग पडलं. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून तो माणूस अर्धा तास राबत होता. चूक तुझ्याकडे शोधू नकोस. मला माहीत होतं. आठ महिने. नोकरी मी सोडली. त्याने काही भरून निघत नाही, पण तिथे बसवेना. सोडताना कंपनीला लिहून त्यांचं सगळं रेकॉर्डिंग मागितलं. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर उत्तर आलं, की एकूण चारशे सोळा तुकडे आहेत. वारसांनी लेखी दिलं तर ते आपल्याला देतील किंवा कायमचे पुसतील, मात्र फॉर्मवर दोन्ही मुलींच्या सह्या हव्यात. फॉर्म सोबत आहे. दोन चौकोन आहेत, मी एकावरही खूण केलेली नाही. त्यात रविवारची घोकंपट्टी आहे, तुझं नाव आहे, आई आहे, आणि जे त्यांनी आपल्याला ऐकू द्यायचं ठरवलं नव्हतं असंही पुष्कळ आहे. तू म्हणशील तिथे मी सही करीन. एकदा मी न विचारता ऐकलं, ठकू. आता विचारतेय.

तुझीच, अजून म्हणवून घेणार असशील तर,
ताई