भिंतीमुळे माहेरी अडकलेल्या गौरींबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नदी पुनरुज्जीवन व जनसहभाग कक्ष, बेंगळुरू.

विषय: नदीकाठच्या भिंतीत दार व पायऱ्या मिळणेबाबत, तोवर घरी अडकलेल्या गौरींची बोळवण करणेबाबत.

संदर्भ: आपला जनसहभाग अहवाल, पान नववे, फोटोसह.

महोदय,

१. येलहंक्यात आमच्या घरामागे नदी आहे. आपल्या कागदांत तिचा बरीच वर्षे नाला होता. निधी मंजूर होताच ती पुन्हा नदी झाली. तिच्या या बढतीबद्दल प्रथम अभिनंदन.

२. अहवालात म्हटले आहे की भिंतीबाबत स्थानिक महिलांना विचारले, कोणीही हरकत घेतली नाही. फोटोतल्या महिला म्हणजे माझी आत्या गोजराबाई. गेल्या वर्षी ती नदीतून गौरीचे खडे घेऊन येत होती. आपल्या माणसाने वाटेत गाठून विचारले, "अक्का, भिंतीला काही हरकत?" गौर मुक्याने आणायची असते. आत्याच्या तोंडात पाण्याची चूळ होती. तिने 'भिंत नको' म्हणून मान हलवली, ते आपण 'हरकत नाही' असे नोंदवले. चूळ टाकून ती बोलायला परत आली, तोवर जनसहभाग जीपमध्ये बसून गेला होता.

३. यंदा भिंतीच्या उरलेल्या फटीतून तिने खडे आणले. विसर्जनाला गेली तर फट बुजलेली. वर्षभर रखडलेले काम आपण दोन दिवसांत उरकलेत, याचे कौतुक वाटते. आपल्या कक्षाने फिरता हौद सुचवला. पण गौर आली त्याच पाण्यात परत जाते, टँकरमध्ये नाही.

४. तीन दिवसांची माहेरवाशीण पितृपक्ष लागला तरी घरात आहे. आत्या रोज नैवेद्य दाखवते आणि रोज रडते. मला तिचे रडणे बघवत नाही. भिंतीपलीकडे जायची परवानगी फक्त आपल्याला असल्याने गौरी सोबत पाठवत आहे. कृपया पाण्यात सोडाव्यात. "सायेबांना सांग, स्वल्प लवकर," म्हणजे जरा लवकर, असा आत्याचा अर्धा कन्नड निरोप आहे.

५. परतताना काठची चिमूटभर वाळू घरात टाकायला आणावी. वाटेत कोणाशी बोलू नये. आपल्या गप्प राहण्याला आम्ही संमती समजणार नाही.

आपला नम्र, आणि तोंडात चूळ नसलेला,
गिरीराज मोहिते
दि. १२ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) अर्जाची कन्नड प्रत
२) खडे पाच, हळदकुंकू वाहिलेले
३) गौरींची शिदोरी, दहीभात. (आजच पोचवावी. उद्या आंबेल.)