उतरल्याची वेळ

३ मार्च, सोमवार

सकाळी नऊला रुजू झालो. विमानतळ छोटा आहे. धावपट्टी एकच; पलीकडे लष्कराची विमानं, अलीकडे चार-पाच लहान खासगी. बाहेर जायचा रस्ता मात्र लष्कराच्या फाटकातूनच. तिथला हवालदार आत येणाऱ्याला नंबराचा पितळी बिल्ला देतो, जाताना परत घेतो. माझा सतरा. हा हरवलात तर कायमचे आमचे झालात, म्हणाला आणि स्वतःच हसला.

खोली धावपट्टीला लागून, भरपूर उजेडाची. काम माझ्या स्वभावाचं: कोणतं विमान कधी उडालं, कधी उतरलं, एवढं लिहायचं. फार बोलावं लागत नाही. राहायचं इथेच, दर शनिवारी घरी जायचं.

निघताना घाईत आईला 'जातो' म्हणालो. एरवी तिने तिथल्या तिथे 'येतो' म्हणायला लावलं असतं. आज नुसती बघत राहिली. दादा यात कधी चुकायचा नाही.

५ मार्च, बुधवार

हवामान बघणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना इथे सगळे ढगोबा म्हणतात. त्यांनी मागची वही काढून दिली. दादा इथूनच उडाला होता, म्हणून तर ही जागा मागून घेतली. ऑगस्टमधली ओळ. उड्डाण ३.४०. उतरल्याची वेळ कोरी. विमानही सापडलं नाही, दादाही नाही.

ढगोबा म्हणाले, उडताना तो रेडिओवर 'येतो हं' म्हणाला होता, टॉवरमध्ये सगळे हसले होते. मग म्हणाले, त्या रकान्याला हात लावू नकोस बाबा. न उतरलेल्याला कागदावर उतरवू नये.

७ मार्च, शुक्रवार

दुपारभर ती ओळ डोळ्यांसमोर होती. चारच्या सुमारास पेन्सिलीने लिहिलं, ४.१०. बरं वाटलं.

बरोबर चार दहाला धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज झाला. खिडकीतून पाहिलं. काही नव्हतं.

८ मार्च, शनिवार

घरी निघालो तर खुंटीवर बिल्ला नाही. तसाच फाटकावर गेलो. हवालदार म्हणाला, सतरा नंबर काल पाचलाच बाहेर पडला. फाटकावरच्या वहीतली सही दाखवली. नाव माझं, अक्षर दादाचं.

मी म्हणालो, अहो, मी इथे तुमच्यासमोर उभा आहे. तो म्हणाला, असाल उभे, पण गेलेल्या माणसाला पुन्हा कसा सोडू? या वेळी हसला नाही.

१० मार्च

फाटकावरच्या साहेबांनी वही पाहिली. जेवढे आत आले तेवढेच बाहेर गेले, बरोबर आहे, म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी फोन लावला. आईचा आवाज कित्येक महिन्यांनी मोकळा. मुलगा आलाय, म्हणाली, जेवायला बसलाय. मी धाकटा, मी सांगितलं. ती म्हणाली, मला एकच मुलगा. तुम्ही कोण बोलताय?

आई मला तुम्ही म्हणाली.

११ मार्च

पेन्सिलीचंच आहे. खोडलं की मी सुटेन. ढगोबाही तेच म्हणाले — माझ्याकडे न बघता, खिडकीला सांगितल्यासारखं.

पण खोडलं तर आई पुन्हा —

परत फोन केला. दादाने उचलला. मागे आई कशाला तरी हसत होती.

१२ मार्च

ढगोबांनी खोलीला बाहेरून कुलूप लावलं. मी आत होतो. हाका मारल्या. ते —

खोडरबर खिडकीतून टाकून दिला.

तो 'येतो' म्हणाला होता. मी —

कप विसळून पालथा घातला. पेन्सिलीला टोक काढलं. तीन चाळीसचं विमान निघतंय, वेळ लिहायला ह