वाटीतली पत्ती

सोडाला, जयपूर
२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप आबांस,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

तुमची दोन पत्रं येऊन पडली आणि माझं एकही नाही, म्हणून रागावला असाल. रागवा, पण पुढचं वाचा. शालिनीला गोवर आला होता, आता ती बरी आहे. इतकी बरी आहे, की काल शेजारच्या ठाकूरबाईंच्या गच्चीवर जाऊन त्यांचे अर्धे पापड खाऊन आली. चार वर्षांची पोर, आणि मराठी बोलते ती निम्मी हिंदी. आजीला दादीजी म्हणते, तुम्हाला नानाजी. तुमच्या सॅक्सोफोनला काय म्हणते माहीत आहे? हाथी की सूंड!

आता मुख्य बातमी. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं संमेलन एकोणीस जानेवारीला छावणीतल्या हॉलमध्ये आहे, आणि त्यात पाऊण तास तुमच्या लेकीचा सॅक्सोफोन आहे. एकटीचा! मागे फक्त तबला. छावणीतल्या कॅप्टनसाहेबांच्या रत्नप्रभाबाई विरजण मागायला आल्या होत्या, तेव्हा मी आतल्या खोलीत रजईच्या ढिगाऱ्यात बाजाचं तोंड खुपसून वाजवत होते. बाई विरजण विसरल्या आणि संमेलनात वाजवीन असा शब्द माझ्याकडून घेऊन गेल्या. तुमच्या बँडच्या मागच्या रांगेत चोरून वाजवणारी मी, मला पहिल्यांदाच कुणीतरी पुढे बसायला सांगितलं. आबा, त्या दिवशी मी आनंदाने आमटीत दोनदा मीठ घातलं.

पण घोडं अडलंय. तुमच्या जावयांनी हौसेने घरी कागलला पत्र टाकलं. लग्न ठरताना मुलीला वाजवायचा नाद आहे असं तुम्ही सांगितलं होतं, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समजल्या पेटी असेल. सासूबाईंचं उलट टपाली कार्ड आलं, तीन ओळींचं. मी येते. बघते. मग सांगते. हे म्हणतात, तू वाजवावंस असं मला मनापासून वाटतं, पण आईने नाही म्हटलं तर तिच्या तोंडावर मी तुला घेऊन जाणार नाही. म्हणजे सगळं आत्याबाईंच्या एका शब्दावर आलं. हे एकदा नाही झालं, की पुढे कधीच नाही, हे मला चांगलं कळतं.

आणि दुसरं संकट, पत्ती. बाजाच्या तोंडाशी बसवायच्या वेताच्या पत्त्या तुम्ही दिल्या होत्या, त्यातली एकच आता नीट बोलते. बाकीच्या दोन घशात कफ झाल्यासारख्या वाजतात. मुंबईहून एखादी मिळेल का?

आईला नमस्कार. तुमच्या मायेची सवय झालेली,
विजया

*

कोल्हापूर
१२ डिसेंबर १९६३

चि. सौ. विजयमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तालमीच्या खोलीत सगळ्या बँडला वाचून दाखवलं. क्लॅरिनेटवाला देवराम तर रडायलाच लागला. त्याला काय, तो वरातीतही रडतो. तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच सासूच्या काळजीने ती स्वतःच खाऊन टाकली.

पत्तीचं ऐक. मुंबईच्या दोन्ही दुकानांत माणूस पाठवला. परदेशी माल येणं बंद आहे, सहा महिने तरी नाव काढू नका म्हणाले. आमच्याकडे क्लॅरिनेटच्या आहेत, पण त्या तुला अपुऱ्या पडतील. तेव्हा जी आहे ती जिवापाड जप. तिकडची थंडी कोरडी, पत्ती वाळून तडकायला वेळ लागत नाही. वाटीत दोन बोटं पाणी घालून त्यात ठेवत जा. आणि समजा टोकाला तुटलीच, तर नाण्याच्या गोलाईवर टोक जाळून सरळ करायची युक्ती विसरली नसशील. दहा वर्षांची असताना ती शिकताना तू काडी ओढलीस आणि माझी डावी मिशी पेटवलीस. त्यानंतर आठवडाभर मी लग्नात उजवी बाजू पुढे करून उभा होतो.

विहीणबाईंशी वाद घालू नकोस. पण बाजा लपवूही नकोस. लपवलेल्या वस्तूचा माणसाला जास्त संशय येतो. त्यांचं जेवणखाण, पूजापाणी यात कसर ठेवू नकोस आणि त्यांच्या देखत रोज ठरल्या वेळी वाजव. मला मुलगा नाही याचं लोकांनी पुष्कळ वाईट वाटून घेतलं, मला कधी वाटलं नाही. का वाटलं नाही ते एकोणीस तारखेला त्या हॉलमधल्या लोकांना कळू दे. इतकंच माझं मागणं.

जावईबापूंना आशीर्वाद, शालीला नानाजीचा पापा. लोभ आहेच, तो पत्रातून मोजू नये.
तुझा आबा

*

सोडाला, जयपूर
१५ जानेवारी १९६४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याबाई येऊन बारा दिवस झाले. येताना कागलचा गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःचं वेगळं पिण्याचं भांडं घेऊन आल्या. त्यांचा उष्ट्याखरकट्याचा कडकपणा मी तुम्हाला काय सांगावा! मी आमटीची चव बघितली तर तो डाव चुलीपाशी येत नाही. शालीने चावलेला लाडू तिच्या बापाला दिला तर बापाला तोंड धुवायला पाठवतात. आणि अशा घरात मी काय वाजवते, तर ज्याला तोंड लावल्याशिवाय आवाजच निघत नाही ते! पहिल्याच दिवशी त्यांनी बाजाच्या पेटीत डोकावून विचारलं, की ही पितळी चिलीम तुझ्या बापाने ओढायला दिली की वाजवायला. मग सांगितलं, की थुंकी उडवायची ही वस्तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

तुमच्या सांगण्याप्रमाणे लपवत नाही. भांडी झाली, शाली झोपली, की एक ते दोन मधल्या खोलीत वाजवते. गंमत म्हणजे बाजा चालू असला की शाली झोपते आणि थांबला की उठते. पत्ती वाटीत पाण्यात ठेवते. पण स्वयंपाकघरात बंदी, म्हणून ती वाटी मोरीच्या खिडकीत ठेवली आहे. तिथे सावली असते. एक विचारायचं होतं. हल्ली पत्तीला राखुंडीसारखी चव येते. इथल्या पाण्यात काही असेल का? पाणी खारं आहेच, पण राखुंडी?

आत्याबाईंचं मात्र मला काही उमजत नाही. बाजाला नावं ठेवतात आणि माझ्याशी गोड वागतात. परवा उगाचच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, की पोरगी न बोलता माणसाचं बघते. मी काय बघितलं ते मला ठाऊक नाही, पण मी मान डोलावली. काल संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत होतं. आत्याबाईंनी ठाकूरबाईंना तिळगूळ दिला, ठाकूरबाईंनी त्यांची तिळाची गजक दिली, दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नाही आणि तासभर गप्पा झाल्या. संमेलनाचं मात्र हो नाही की नाही नाही. यांनी विचारलं तर एकोणीस तारीख अजून उजाडायची आहे म्हणाल्या. आबा, माझा जीव टांगणीला लागला आहे. मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात भूप वाजवते आणि पोळी लांबट होते.

आईला सांगा, लांबट पोळ्या तुमचे जावई मुकाट्याने खातात.
आशीर्वादाची वाट बघणारी,
विजया

*

सोडाला, जयपूर
२० जानेवारी १९६४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाजवलं! आबा, वाजवलं! आता क्रमाने सांगते.

काल सकाळी आत्याबाई चहा घेताना एवढंच म्हणाल्या, की शब्द दिला आहे तर आजच्यापुरतं जा, मीही येते, पुढचं मी जाताना सांगेन. मी नाचायची बाकी होते. दुपारी सूर जुळवायला मोरीतून वाटी आणली, पत्ती उचलली आणि उजेडात धरली. टोकाचा एक कोपरा तुटलेला! फुंकून पाहिलं तर फुसफूस, आवाज नाही. उंदराने कुरतडली असेल, दुसरं काय. दुसऱ्या दोन पत्त्या लावल्या, त्यांचा तो कफ. मी तिथेच पाटावर बसून रडले. शाली माझे डोळे पुसत म्हणायला लागली, की मम्मी, सूंड टूट गई क्या. हे कचेरीतल्या भैयाला सायकलवरून बाजारात पाठवतो म्हणाले. जणू बाजारात वांगी घ्यायची होती!

मग तुमची मिशी आठवली. घरातली सगळी नाणी लावून पाहिली. नवे पैसे कुठे लहान, कुठे कंगोऱ्याचे, गोलाई जुळेना. आणि आबा, आत्याबाई! दारात उभ्या राहून मी पत्ती तोंडात घेते, काढते, हे बघत होत्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, उष्टं बघून किळस आली. तर त्या आत गेल्या आणि बटव्यातून जुनी चांदीची अधेली, अर्ध्या रुपयाचं नाणं, घेऊन आल्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या आजीने ओटीत घातलेली. त्यांनी ती कुणाच्या हातात कधी दिली नाही, हे मी यांच्याकडून ऐकलं आहे. पत्ती तिच्यावर ठेवली, गोलाईला गोलाई! केसभर कड बाहेर ठेवली, काडी ओढली, तुटका कोपरा जळून सरळ झाला. काडी धरली होती ती आत्याबाईंनी. मी म्हटलं, उष्टी आहे, तुम्ही नका हात लावू. तर म्हणाल्या, की गप, हात हलवू नकोस.

पत्ती आखूड झाली म्हणून जरा ताठ झाली. पहिली पाच मिनिटं मला फुंकायला जड गेलं, घाम फुटला. हॉलमध्ये तीनशे माणूस, पुढे गणवेशातले साहेब, बायका वाणं हातात घेऊन बसलेल्या. नऊवारी नेसून बाई बाजा घेऊन आली म्हणून पोरं हसली. मग मी भूपाची आलापी सुरू केली आणि खालच्या षड्जावर थांबले. आबा, तो सूर असा निघाला की माझा मलाच विश्वास बसेना. पोरं गप्प झाली. शेवटी आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल वाजवली, तर मागच्या रांगेतल्या जवानांच्या बायका चालीवर गुणगुणायला लागल्या. मला रडू आलं, पण तोंडात बाजा असताना रडता येत नाही, बरंच आहे ते.

परतताना टांग्यात आत्याबाईंनी शालीवर पदर पांघरला. शाली त्यांच्या मांडीवर झोपली होती. घरी आल्यावर म्हणाल्या, की स्टूल फार ठेंगणं होतं, मागच्यांना तू दिसत नव्हतीस. बास! याचा अर्थ काय घ्यायचा? त्या तीस तारखेला निघणार. तोवर माझा जीव पुन्हा टांगणीला.

देवरामकाकांना सांगा, रडायला हरकत नाही.
तुमची,
विजया

*

सोडाला, जयपूर
२४ जानेवारी १९६४

श्री. हणमंतराव व्याही यांस,
गंगूबाईचा नमस्कार. पत्रास कारण की,

मी चौथी शिकलेली बाई, अक्षराला हसू नका. हे पत्र माझ्या लेकाकडून, सर्जेरावाकडून, लिहून घेता येण्यासारखं नाही. तुम्हीसुद्धा वाचून झालं की चुलीत घाला. विहीणबाईंना सांगितलं तर चालेल, पण त्यांना आधी खाली बसवा.

रेल्वेत माझी जीभ घासायची पितळेची जिभली हरवली. इथे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या खिडकीत वाटी दिसली. वाटीत स्वच्छ पाणी, पाण्यात वेताची गुळगुळीत चीप, एका टोकाला पातळ तासलेली. मला वाटलं, सुनेने मी न सांगता माझी अडचण ओळखली आणि जिभली तासून ठेवली. माझ्या पोटच्या पोरींनी कधी एवढं केलं नाही. रोज पहाटे राखुंडी लावायची, त्या चिपेने जीभ घासायची, धुऊन परत वाटीत ठेवायची. त्या वाजवण्याबद्दल काय बोलायचं ते ठरवूनच मी आले होते, पण अशा मायेच्या पोरीला नाही कसं म्हणायचं, म्हणून दिवस ढकलत होते. एकोणीस तारखेला पहाटे जीभ घासताना कोपरा मोडला. मी गुपचूप परत ठेवली. वाटलं, सून दुसरी तासेल.

दुपारी ती पाटावर बसून रडताना बघितली, आणि तीच चीप तिने माझ्यासमोर तोंडात घातली. हणमंतराव, मी दाराला धरून उभी राहिले. उभा जन्म मी लोकांना उष्ट्यावरून बोलले, आणि सोळा दिवस आम्ही सासू-सुना एकमेकींचं उष्टं चाखत होतो! पण खरं सांगू का, किळस आली नाही. माझ्यामुळे पोरीचा दिवस जाणार याचीच भीती वाटली. अधेली आठवली ती तेव्हा.

त्या हॉलमध्ये ओव्यांची चाल लागली तेव्हा मला माझी आई आठवली. जात्यावर बसून गायची, आणि तिचं गाणं आम्ही पोरांनी सोडून कुणी ऐकलं नाही. तिला कुणी स्टूलसुद्धा दिलं नाही. तेव्हा आज सकाळी मी सर्जेरावाला सांगून टाकलं. ही वाजवणार. जिथे बोलावतील तिथे वाजवणार. त्या दिवशी पोरगी तू सांभाळायची, आणि भात लावायला आजपासून शीक. सून स्वयंपाकघरात होती, ऐकून पळी हातात घेऊनच बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. पळी उष्टी होती. मी काही बोलले नाही.

अधेली तिच्या बाजाच्या पेटीत ठेवली आहे, ती तिथेच राहील. जिभलीचं मात्र मी तिला सांगणार नाही, आणि तुम्ही सांगितलंत तर आपलं व्याहीपण मोडलं असं समजा.

आता तुम्हाला एक काम. मुंबईला माल येईल तेव्हा त्या पत्त्या घ्या. तिच्यासाठी चांगल्या डझनभर घ्या. आणि एक वेगळ्या पुडीत बांधून, वर माझं नाव घालून, कागलला पाठवा. इतकी गुळगुळीत जिभली मी उभ्या जन्मात वापरली नव्हती.

सगळ्यांना यथायोग्य. व्याही म्हणून नव्हे, माणूस म्हणून लोभ राहू द्या.
गंगूबाई