जोर पहिल्या तुकड्यावर

१२ मार्च १९७४
ताईला जाऊन आज महिना. मधूंची आई काटोलहून आल्या. मधूंशी ताईचं ठरलं होतं. येताना संत्र्यांची टोपली. चहा झाल्यावर म्हणाल्या, "थोरली गेली, आता धाकटी द्या. हॉलंडात पोरगा एकटा आहे." बाबा खिडकीकडे पाहत राहिले. मी कप उचलले.

१३ मार्च
त्या मुक्कामाला राहिल्यात. ताईच्या कपाटातला टेपरेकॉर्डर काढायला लावला. भाषा शिकायला मधूंनी तिला पाठवलेला. टेप लावला. आवाज मधूंचाच.
"शालू, मी आयुर्विमा कंपनीत आहे. इकडे त्याचा एकच शब्द करतात. तोडून म्हण. ले-वन्स-फर-झे-क-रिंग्स-मात-स्खा-पै. जोर पहिल्या तुकड्यावर. बाकीचे दबके."
मी म्हटलं. जोर 'झे'वर गेला. मधूंची आई म्हणाल्या,
"शालूले एका दिवसात जमलं होतं वं. तू काहून अडखळून राहिली?"
नवा टेप पाठवतील का, विचारलं.
"कशाले? हा आहे ना."

१६ मार्च
भांडी घासताना म्हणते. 'ले'ला बादलीवर बोट. पहिला तुकडा जोरात आला की मागचे आपोआप ओढले जातात, मध्ये थांबायचं नाही. आज जमलं.
आई देवघरातून धावत आली. "शालू?"
मला पाहिलं. "तू होय."
परत गेली नाही. "पुन्हा म्हण ना वं."
म्हटलं. डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले की हात हलवायची, चालू ठेव म्हणून.

१७ मार्च
मधूंची आई म्हणाल्या, "लग्नात नाव बदलतोच आपण. ताटातल्या तांदळात शालूच लिहू. मधूच्या तोंडात बसलं आहे."
आईकडे पाहिलं. वाटलं, ही तरी…
आई म्हणाली, "बरं होईल. नाव तरी राहील."
बाबा म्हणाले, "कुंदाले विचारा."
मधूंची आई हसल्या. "तिले काय विचारायचं? तिथं कुंदाले कोण ओळखते?"
पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. आईने तोंड फिरवलं.

१९ मार्च
त्या गेल्या. रविवारी परत येतील. आईबाबा स्टँडवर पोचवायला गेलेत. टेप लावला. "शालू," मधू म्हणाले. बंद केला.
माझं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. जोर कुठे द्यायचा कळेना.
स्वयंपाक राहिला होता. तांदूळ ताटात पसरले. खडे वेचले. भात टाकला.