रविवारच्या नोंदी

रविवार, १२ ऑक्टोबर

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. तुमची कंबर कशी आहे? दिवसभर मशीनवर वाकून बसू नका, असं मी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं नाही, हे आपलं ठरलेलंच आहे. तुमच्या चिरंजीवांचा खोकला गेला का? फोनवर विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणतात, आणि फोन ठेवायच्या आत तीनदा खोकतात.

पत्र शिवणक्लासच्या पत्त्यावर आलेलं बघून तुम्ही दचकला असाल. घरी पाठवलं असतं तर बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं असतं. फोन तर कायम स्पीकरवर. हे तुम्ही एकटीने वाचा. मुली घरी गेल्या की वाचा.

माझी खोली आहे तशीच आहे. पलंग, टेबल, आणि दोन्हींच्या मधून जायला अंग चोरावं लागेल एवढी वाट. विभागाच्या गच्चीवर माझ्या चोवीस टाक्या. त्यांत सांडपाणी स्वच्छ करणारी झाडं वाढवायची, रोज दुपारी तीनला प्रत्येक टाकीतल्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा आणि वहीत लिहायचा, दीड वर्ष, एकही दिवस न चुकवता. माझा सगळा प्रबंध म्हणजे ती वही. हे तुम्हाला पाठच असेल. क्लासमधल्या मुलींना माझं कौतुक सांगताना तुम्ही ते घोकूनच टाकलंय, असं हे सांगत होते.

गच्चीवर एक काका आहेत. पंप, नळ, टाक्यांची साफसफाई, सगळं तेच बघतात आणि रोजचं काम आपल्या वहीत टिपून ठेवतात. बावीस वर्षं इथे आहेत, पण अजून कंत्राटावरच. इथली भाषा मला निम्मी येते, उरलेलं आम्ही हातवाऱ्यांनी भागवतो. पहिल्याच महिन्यात मी उन्हाने चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांनीच मला पंपाच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी टाक्यांपाशी माझ्यापुरती ताडपत्री बांधली. ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. माझी न सांगायची खोड जुनीच आहे, आई.

आता सांगते.

मला परदेशी पाठवताना बाबांनी एकच अट घातली होती. रविवारी सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं, फोनवर का होईना. माझ्या वतीने ती तुम्ही कबूल केलीत, म्हणून मी इथवर आले. तुमचे साडेबारा म्हणजे इथले तीन. पहिल्या रविवारी मी फोन टाकीच्या कडेला टेकवला आणि एका हाताने जेवत, दुसऱ्याने मोजत होते. बाबा म्हणाले, "जेवतेयस की नुसती हजेरी लावतेयस?" तुमचा चेहरा पडला. पुढच्या रविवारपासून मी खोलीतच जेवायला बसले. वहीत शनिवारच्या आणि सोमवारच्या मधला आकडा घालायला लागले. एका रविवारने काय बिघडतंय, असं म्हणता म्हणता सत्तरच्या वर रविवार झाले.

मी तुमच्या जेवणावर खापर फोडत नाहीये. रविवारची मोजणी चारला केली तर चालेल का, एवढं माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. मला विचारायचीच लाज वाटली. घरच्यांच्या तालावर नाचणारी बाई म्हणून इथे कोणी बघू नये, यासाठी ही सगळी हुशारी.

गेल्या महिन्यात परीक्षकांनी मूळ वह्या मागवल्या, माझी आणि काकांचीही. मार्चमधल्या एका रविवारी पंप बिघडला होता. काकांनी सकाळीच टाक्या रिकाम्या करून झाडं बादल्यांत ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा पाणी भरलं. तसं त्यांच्या वहीत आहे. माझ्या वहीत त्याच दिवशी दुपारी तीनला त्या रिकाम्या टाक्यांतल्या पाण्याचे चोवीस आकडे आहेत. अक्षरही छान आलंय.

आठ दिवसांपूर्वी सरांनी आम्हाला दोघांना बोलावलं. सर काकांना म्हणाले, "ही रोज मोजते. तारीख तुमचीच चुकली असणार." काका आधी नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि ते "असेल" म्हणाले.

काल ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता चांगलं खडसावतील. मनातून मला तेच हवं होतं. तर म्हणाले, "पोरी, मीच चुकलो असेन. तू कशाला खोटं लिहिशील? वय झालं आता माझं." कार्यालयाने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितलाय, तोही इंग्रजीत. "मला कुठे येतंय? तूच लिहून दे."

आई, मी लिहून दिलं.

ते सांगत गेले आणि मी त्यांच्या नावाने लिहीत गेले: रविवारची नोंद खरी नाही. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची मी फसवणूक केली. होईल ती शिक्षा मला मान्य आहे. शेवटचं वाक्य नको, म्हटलं मी. ते म्हणाले, "असू दे, साहेबांना बरं वाटेल." कबुली दिली की कंत्राट रद्द, असं कार्यालयाच्या पत्रात खाली स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं होतं. त्यांना वाटतंय माफी मागितली की मिटेल. मी त्यांना तसंच वाटू दिलं. त्यांनी सही केली, सोमवारी नऊला कार्यालयात दे म्हणून कागद माझ्याच हाती दिला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मला माझी किळस येते, आई.

आज सकाळी मी कोरा कागद घेतला आणि तेच सगळं पुन्हा लिहिलं. नाव माझं घातलं, आणि एका रविवारच्या जागी सगळे रविवार. बाकी एक शब्दही बदलावा लागला नाही.

हा कागद दिला तर पदवी गेली. मला परत पाठवतील. तुम्ही सगळ्या घरासमोर पदर खोचून म्हणाला होतात, "ती रिकाम्या हातांनी आली तर मला विचारा." आता सगळे तुम्हालाच विचारतील. काकांचा कागद दिला तर तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. बाबा पेढे वाटतील.

दोन्ही कागद एकाच पिशवीत आहेत. दोन्हींवर अक्षर माझंच. उद्या नऊला मी कोणता काढेन याची मला खात्री नाही. खोटं वाटेल, पण नाही. गेले आठ दिवस मी रोज खरं सांगायचं ठरवतेय आणि रोज मूग गिळून बसतेय. म्हणून हे पत्र आज, आत्ता टाकते. पेटीत पडलं की मला ते परत काढता येणार नाही. मग उद्या मी काहीही केलं तरी निदान तुम्हाला माहीत असेल, आणि तुम्हाला माहीत असताना पदवी घेऊन तुमच्यासमोर उभं राहायची माझी छाती होणार नाही.

बाबांना नमस्कार सांगू नका. यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही जिच्यासाठी शब्द दिलात ती,
तुमची सून