बॉनेट, साबणाचं पाणी आणि जाऊबाई

३ मार्च, सोमवार

जाऊबाईंना वेड लागलंय! पारदर्शक फिल्मचा भलामोठा रोल मागवलाय. गाडीच्या रंगावर चिकटवायची, ओरखडे पडू नयेत म्हणून. आणि ती लावणार कोण? त्या स्वतः! घरी!

भाऊजींची बदली झालीय. महिनाअखेर दोघं बिऱ्हाड हलवणार. कपाटं, भांडी, पलंग, सगळं वाटून झालं. गाडीचं नाव मात्र कुणी काढत नाही. दोघा भावांनी मिळून घेतलेली. पण आता बोलायला उरलंय काय? फिल्म लावतायत म्हणजे नेणारच.

मग सासूबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं कसं? पडल्यापासून त्यांना बसची पायरी चढवत नाही, टॅक्सी वेळेवर येत नाही. विचारू का? नाही. मेले तरी विचारणार नाही.

५ मार्च, बुधवार

आज बॉनेटचा कागदी नमुना कापला. जुनी वर्तमानपत्रं जोडून, गाडीवर पसरून, कडा नखाने दाबून. मी म्हटलं, मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस तर फिल्म लावून झाल्यावर गाडीवरच ब्लेडने कापतो. त्यावर जाऊबाई — "रंगावर ब्लेड? पुस्तकावर ठेवून कव्हर कापतं का कुणी?"

शाळेच्या ग्रंथालयात आहेत ना! इतकी वर्षं पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घातलीत. "बॉनेट म्हणजे जरा मोठं पुस्तक," म्हणाल्या. मी खो खो हसले. त्या नाही हसल्या.

८ मार्च, शनिवार

फजिती! माझीच.

गाडी धुतली. मी उत्साहाने कपाटातला कोरा करकरीत टॉवेल काढून बॉनेट पुसलं. फिल्म बसली आणि बघतो तर काय — खाली टॉवेलचे धागेच धागे! धरणी दुभंगावी असं झालं मला. जाऊबाईंनी टॉवेल हुंगला. "कोरा आहे. एकदाही धुतलेला नाही." बस्स, एवढंच. मग सबंध तुकडा सोलून काढला, बोळा करून टाकला आणि नमुना पुन्हा रोलवर पसरला. एक शब्द वाकडा नाही! मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

९ मार्च, रविवार

जमलं! जमलं! जमलं!

फिल्म धरायची म्हणजे चार हात लागतात. एका बाजूला त्या, एका बाजूला मी, दोघींची बोटं साबणाच्या पाण्यात बुडवलेली. "सोड... सोड... आता धर!" मधोमध टेकवली आणि त्या रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलत गेल्या, मधून कडेला, मधून कडेला. घाई म्हणून नाही. वळणावर फिल्म रुसली तेव्हा हेअर ड्रायरने ऊब दिली, अंगठ्याने ताणली, निमूट बसली!

सासूबाई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून मुकादमी करत होत्या. "बुडबुडा! अगं तिकडे, डावीकडे! दोघींना डोळे दिलेत कशाला?"

खरं सांगते, बाईचे हात बघत राहावं. नऊ वर्षं एका ओट्यावर काम केलं, पण कधी बघितलेच नव्हते. जळफळाटही होतो. काय जीव लावतायत गाडीला! नेणार म्हटल्यावर लावणारच.

१४ मार्च, शुक्रवार

दारं झाली. बंपर झाला. त्याने रडवलं.

१६ मार्च, रविवार

आज दारांच्या कडा. बोटभर रुंद पट्टी, आत दुमडून. मी म्हटलं, एवढं कोण बघतं? त्या मान वर न करता म्हणाल्या, "दार उघडणाऱ्याला दिसतं."

मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून चहा प्यायलो. एकदम ओठांवर आलं, गाडी ठेवून जा ना! गिळलं. मी म्हणाले, "चहात साखर कमी पडली का?"

२२ मार्च, शनिवार

पूर्ण झाली. उन्हात बाहेर काढली तर फिल्म आहे कुठे हे मलाच सापडेना! भाऊजी गाडीभोवती फिरले आणि त्यांच्या तोंडून फक्त "वा!" निघालं. त्यांच्याकडून एवढंही कधी कुणी ऐकलेलं नाही. जाऊबाई लाजल्या. खरंच लाजल्या!

२९ मार्च, शनिवार

दोघं गेले. सामानाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसून. गाडी इथेच. मी ह्यांना विचारलं, मागाहून न्यायला येणार का? हे म्हणाले, "न्यायला? अगं, गाडी आईसाठी इथेच ठेवायची हे वहिनींनीच ठरवलं. रोल मागवायच्या आधीच. मला बजावलं होतं, तुला इतक्यात सांगायचं नाही, नाहीतर तू त्यांना गाडीसाठी राबू द्यायची नाहीस."

मी गाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "काचा तरी वर कर, गल्लीभर ऐकू जातंय!"